मनाच्या डॉक्टरांना सांगितलेलं गुपित

“कुणाला सांगणार नाहीस ना? घे शपथ!”

मुलामुलींनो, हे वाक्य तुमच्या वर्गात दिवसातून किती वेळा ऐकू येतं? मधल्या सुट्टीत डबा खाताना, पाण्याच्या टाकीपाशी, शाळा सुटल्यावर सायकली काढताना, कुणी ना कुणी कुणाच्या तरी कानात कुजबुजत असतंच. आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी ते गुपित निम्म्या वर्गाला कळलेलंही असतं! मग ज्याचं गुपित फुटलं त्याचा चेहरा पाहावा. तो रागावतो, कट्टी घेतो आणि मनाशी ठरवून टाकतो, ‘आता पुन्हा म्हणून कुणाला काही सांगायचं नाही.’

त्याचं हे ठरवणं लक्षात ठेवा बरं का. पुढे ते आपल्याला एका मोठ्या न्यायालयातसुद्धा भेटणार आहे.

काही माणसांचं कामच मुळी दुसऱ्याचं गुपित ऐकण्याचं असतं. वकील आपल्या अशिलाचं ऐकतात, डॉक्टर रुग्णाचं ऐकतात. पण सगळ्यांत नाजूक गुपितं ऐकतात ते मनाचे डॉक्टर. भीती, राग, लाज, घरातली भांडणं, जे आपण जिवलग मैत्रिणीलाही सांगत नाही, ते त्यांच्यासमोर बोलावं लागतं. मग प्रश्न पडतो, त्या खोलीत बोललेलं बाहेर जातं का? ते आईबाबांना सांगतात का? शाळेला कळवतात का? पोलिसांनी विचारलं तर? न्यायाधीशांनी विचारलं तर?

आज आपण याच प्रश्नांची उत्तरं पाहू या.

मनाचे डॉक्टर म्हणजे कोण?

आधी नावांचा घोळ मिटवू. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिॲट्रिस्ट. ते आधी इतर डॉक्टरांसारखे एम.बी.बी.एस. होतात आणि मग मनाच्या आजारांचं वेगळं शिक्षण घेतात. ते औषधं लिहून देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ म्हणजे सायकॉलॉजिस्ट. ते मानसशास्त्र शिकलेले असतात. बोलण्यातून, निरनिराळ्या चाचण्यांतून ते आपली अडचण समजून घेतात आणि तिच्यातून बाहेर पडायला मदत करतात. ते औषधं देत नाहीत. त्यांच्यापैकी जे आजारी माणसांवर उपचार करण्याचं खास शिक्षण घेतात, त्यांना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात. आणि काही शाळांमध्ये असतात ते समुपदेशक, म्हणजे कौन्सेलर.

यांच्याकडे जाणारा माणूस ‘वेडा’ असतो, ही समजूत मात्र पार चुकीची आहे. ताप आला की आपण डॉक्टरांकडे जातो. झोप लागत नाही, सारखं रडू येतं, शाळेचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, तेव्हा मनाच्या डॉक्टरांकडे जायचं. इतकं ते साधं आहे.

गुप्तता हवीच कशाला?

तुमचं पोट दुखतंय असं समजा. डॉक्टर पोट दाबून पाहतात, थर्मामीटर लावतात, गरज पडली तर एक्स-रे काढतात. तुम्ही एखादी गोष्ट सांगायची विसरलात तरी शरीर ती सांगून टाकतं. पण मनाला थर्मामीटर लावता येत नाही आणि भीतीचा एक्स-रे निघत नाही. मनाच्या डॉक्टरांना कळतं ते मुख्यतः तुमच्या बोलण्यातूनच.

आता सातवीतला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याला महिनाभर झोप नाही. मार्क घसरले आहेत. आईबाबा त्याला मानसशास्त्रज्ञांकडे घेऊन गेले. तो म्हणाला, “अभ्यासाचं टेन्शन येतं.” खरी गोष्ट अशी, की शाळेच्या बसमध्ये मोठी मुलं रोज त्याच्या खिशातले पैसे काढून घेतात आणि ‘बोललास तर बघ’ म्हणून दम देतात. हे सांगितलं तर शाळेत कळेल, आणि शाळेत कळलं की बसमध्ये कळेल, अशी त्याला धास्ती आहे. म्हणून तो अर्धंच सांगतो. मग त्याला उपचार कशावर मिळणार? अभ्यासाचं वेळापत्रक कसं करावं, यावर! आणि बस तर रोज सकाळी दारात येणारच आहे.

म्हणून मनाच्या उपचारात गुप्तता हे एक प्रकारचं औषधच आहे. ही गोष्ट माणसाला फार पूर्वी कळली होती. सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये हिपोक्रेटिस नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांच्या नावानं वैद्यांची एक शपथ प्रसिद्ध आहे. उपचार करताना रुग्णाबद्दल जे कळेल आणि जे बाहेर बोलण्यासारखं नसेल ते मी बोलणार नाही, असं वचन त्या शपथेतही आहे.

पण शपथ वेगळी आणि कायदा वेगळा. शपथ मोडली तर फार तर कट्टी होते. न्यायालयानं हुकूम केला तर शपथेचं काय करायचं? आणि गुप्तता पाळल्यामुळे एखाद्याचा जीव जाणार असेल तर? अमेरिकेत हे दोन्ही प्रश्न खरोखरच उभे राहिले. ते दोन खटले जगभर मानसशास्त्राच्या आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवले जातात. आपणही ते पाहू.

पहिला खटला : वह्या द्यायच्या की नाहीत?

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात हॉफमन इस्टेट्स नावाचं गाव आहे. २७ जून १९९१ रोजी तिथे एका वसाहतीत मारामारी चालली असल्याचा निरोप पोलिसांना मिळाला. मेरी लू रेडमंड नावाच्या पोलीस अधिकारी सर्वांत आधी तिथे पोहोचल्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे एक माणूस सुरा घेऊन दुसऱ्याच्या मागे धावत होता. थांबायला सांगूनही तो थांबला नाही, म्हणून त्यांनी गोळी झाडली. त्यात रिकी ॲलन हा माणूस मरण पावला. त्याच्या घरच्यांचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या हातात शस्त्र नव्हतंच, असं ते म्हणत होते. त्यांनी नुकसानभरपाईसाठी खटला भरला.

खटला चालू असताना एक गोष्ट उघडकीला आली. त्या घटनेनंतर मेरी लू मनानं खचल्या होत्या आणि कॅरन बायर नावाच्या समुपदेशक बाईंकडे जात होत्या. सुमारे ५० वेळा त्या तिथे जाऊन बोलल्या होत्या. ॲलनच्या घरच्यांचे वकील म्हणाले, “त्या बोलण्याच्या नोंदी आम्हाला हव्यात. खरं काय घडलं ते त्यात असेल.”

न्यायाधीशांनी नोंदी द्यायला सांगितलं. दोघींनी नकार दिला. तेव्हा न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं, की ज्या अर्थी या नोंदी देत नाहीत त्या अर्थी त्यांत रेडमंड यांच्या विरुद्ध जाणारं काही असेल, असं तुम्ही समजू शकता. (ज्युरी म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेले पंच. निर्णय ते देतात.) ज्युरीनं रेडमंड यांच्या विरुद्ध निकाल दिला. भरपाई ठरली ५,४५,००० डॉलर!

प्रकरण वर गेलं. वरच्या न्यायालयानं निकाल फिरवला, आणि शेवटी ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. १३ जून १९९६ रोजी तिथल्या ९ न्यायाधीशांपैकी ७ जणांनी कौल दिला, की मनावर उपचार करणाऱ्या माणसाशी झालेलं खाजगी बोलणं उघड करायला न्यायालय भाग पाडू शकत नाही.

निकाल लिहिला न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी. त्यांचा युक्तिवाद पाहा किती सरळ आहे. ‘उद्या या नोंदी न्यायालयात वाचल्या जातील’ असं लोकांना कळलं, तर जे अडचणीत आहेत ते मोकळेपणानं बोलणारच नाहीत. आणि ते बोललेच नाहीत तर नोंदी तरी कसल्या राहणार? म्हणजे रुग्णाचं नुकसान होणार ते होणारच, शिवाय न्यायालयाच्या हाती काही लागणार नाही ते नाहीच!

आठवलं ना काही? ‘आता पुन्हा म्हणून कुणाला काही सांगायचं नाही.’ मधल्या सुट्टीतल्या रागावलेल्या मुलाचं जे म्हणणं, तेच इथे सर्वोच्च न्यायालयानं ओळखलं.

आणखी एक छान गोष्ट या निकालात आहे. कॅरन बायर मोठ्या डॉक्टर नव्हत्या. त्या परवानाधारक सामाजिक कार्यकर्त्या होत्या. न्यायालय म्हणालं, महागडे डॉक्टर ज्यांना परवडत नाहीत अशी गरीब माणसं यांच्याकडे जातात. मग श्रीमंताचं गुपित सुरक्षित आणि गरिबाचं उघडं, असं कसं चालेल?

दोन न्यायाधीशांना मात्र हा निकाल पटला नाही. त्यांपैकी न्यायमूर्ती स्कालिया यांनी विचारलेला प्रश्न तुम्हाला नक्की आवडेल. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं, की माणसाच्या मनाला खरा आधार कुणाचा असतो, मानसोपचारतज्ज्ञाचा की आईचा? बहुतेक जण आईचंच नाव घेतील. तरी मुलानं आईला सांगितलेलं गुपित उघड करायला न्यायालय आईला भाग पाडू शकतं! मग मनाच्या डॉक्टरांनाच वेगळा नियम का? आणि पुरावा दडला म्हणून एखाद्यावर अन्याय झाला तर?

विचार करण्यासारखा प्रश्न आहे ना? घरी जेवताना चर्चेला घ्या.

दुसरा खटला : जिला सांगायला हवं होतं तिलाच सांगितलं नाही

पहिल्या खटल्यात गुपित राखलं गेलं. आता त्याच्या आधीची, १९६९ सालची गोष्ट पाहू. ही दुःखद आहे. पण ती समजून घेतल्याशिवाय आपला विषय पुरा होणार नाही.

अमेरिकेतच कॅलिफोर्निया राज्यात बर्कली येथे मोठं विद्यापीठ आहे. भारतातून तिथे शिकायला गेलेला एक तरुण तात्याना तारासोफ नावाच्या तरुणीवर एकतर्फी प्रेम करत होता. तिनं नकार दिल्यावर त्याचं मन फारच बिघडलं. तो विद्यापीठाच्या रुग्णालयात मानसशास्त्रज्ञांकडे जाऊ लागला. एकदा त्यानं बोलून दाखवलं, की ती परत आली की मी तिला मारून टाकणार. ती त्या उन्हाळ्यात ब्राझीलला गेली होती.

मानसशास्त्रज्ञांना ही धमकी खरी वाटली. त्यांनी विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं, पण तो शुद्धीवर आहे, नीट बोलतो आहे असं पाहून सोडून दिलं. रुग्णालयातल्या वरिष्ठांनीही पुढे काही करू नका असं सांगितलं. या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. तात्यानाला किंवा तिच्या आईवडिलांना कुणी एका शब्दानं सावध केलं नाही. ती परत आली आणि २७ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यानं तिचा जीव घेतला.

तिच्या आईवडिलांनी खटला भरला. त्यांचा प्रश्न एकच होता, ‘तुम्हाला माहीत होतं, मग आम्हाला का सांगितलं नाही?’

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं यावर १९७४ मध्ये निकाल दिला, मग पुन्हा सुनावणी घेतली आणि १९७६ मध्ये अखेरचा निकाल दिला. न्यायमूर्ती टोब्रिनर यांनी लिहिलं त्याचा सारांश असा : रुग्णाचं गुपित राखायलाच हवं, पण दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं दिसलं की तिथे ते बंधन संपतं. मग ज्याला धोका आहे त्याला वाचवण्यासाठी योग्य ती पावलं उचलणं हे मनाच्या डॉक्टरांचं कर्तव्य ठरतं. त्या माणसाला सावध करायचं, पोलिसांना कळवायचं, जे त्या वेळी योग्य असेल ते करायचं.

इथेही सगळ्यांचं एकमत नव्हतं. न्यायमूर्ती क्लार्क यांनी विरोधात लिहिलं. त्यांना भीती वाटत होती, की डॉक्टर आपलं बोलणं बाहेर सांगतात हे कळलं तर असे रागानं पेटलेले लोक उपचाराला येणारच नाहीत, आणि मग धोका कमी होण्याऐवजी वाढेल.

पाहा, दोन्ही बाजूंना माणसांचा जीवच वाचवायचा होता. म्हणून तर हा प्रश्न अवघड आहे. १९९६ च्या ज्या निकालात गुप्ततेच्या बाजूनं कौल मिळाला, त्यातही न्यायालयानं एक टीप जोडली होती : गुपित उघड केल्याशिवाय मोठा धोका टळणारच नसेल, तर गुप्ततेला बाजूला व्हावं लागेल. म्हणजे दोन्ही निकाल शेवटी एकाच जागी येऊन थांबले.

आपल्या देशात काय?

“पण बाई, हे झालं अमेरिकेचं. आपल्याकडे काय?” असं तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच! विचारायलाच हवं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खाजगीपणा हा भारतातल्या प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हा खटला न्यायमूर्ती पुट्टस्वामी या निवृत्त न्यायाधीशांच्या नावानं ओळखला जातो. त्याच वर्षी संसदेनं ‘मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७’ केला. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे.

या कायद्याचं २३ वं कलम आपल्या विषयाचं आहे. मनाच्या आजारावर उपचार घेणाऱ्या माणसाला आपल्या आजाराबद्दल आणि उपचारांबद्दल गुप्तता मिळण्याचा हक्क आहे, आणि उपचार करणाऱ्यांनी ती पाळलीच पाहिजे, असं हे कलम सांगतं. पुढचं २४ वं कलम म्हणतं, की रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती वर्तमानपत्रांना, वाहिन्यांना द्यायची नाही. कॉम्प्युटरमध्ये साठवलेल्या माहितीलाही हे लागू आहे. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग गुपित कधीच बाहेर जात नाही का? जातं. पण कायद्यानं मोजून सहा ठिकाणी परवानगी दिली आहे :

१. रुग्णाची काळजी घेण्यासाठी त्याचा जो प्रतिनिधी ठरलेला असतो, त्याला त्याचं काम करण्यासाठी लागेल ती माहिती देता येते.

२. त्याच रुग्णावर उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना माहिती देता येते.

३. दुसऱ्या कुणाला इजा होण्यापासून वाचवायचं असेल तर सांगता येतं. पण तेवढ्यापुरतंच, सगळं नाही.

४. कुणाच्या जिवाला धोका असेल तर तो टाळण्यासाठी सांगता येतं.

५. या कायद्याखालच्या मंडळानं, उच्च न्यायालयानं, सर्वोच्च न्यायालयानं किंवा कायद्यानं अधिकार दिलेल्या संस्थेनं हुकूम दिला तर सांगता येतं.

६. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज असेल तर सांगता येतं.

तिसरा आणि चौथा मुद्दा पुन्हा वाचा. तात्यानाच्या आईवडिलांनी जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर आपल्या कायद्यात असं लिहिलेलं आहे.

न्यायालयाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे आणि अमेरिकेत फरक आहे. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं, नवरा-बायकोमधलं खाजगी बोलणं, यांना आपल्या पुराव्याच्या कायद्यात खास संरक्षण आहे. १८७२ सालच्या जुन्या कायद्यातही ते होतं आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पण त्या यादीत डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नाहीत. म्हणून न्यायालयानं साक्षीला बोलावून विचारलं, तर ‘हे माझ्या रुग्णाचं गुपित आहे’ एवढं म्हणून त्यांची सुटका होत नाही.

आणि तुमचं काय?

तुम्ही अजून १८ वर्षांचे नाही. कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही अज्ञान, म्हणजे वयानं लहान. (इथे अज्ञान म्हणजे ‘काही न कळणारा’ नव्हे हं!) वर पहिल्या मुद्द्यात ज्या प्रतिनिधीचा उल्लेख आला, तो मोठ्या माणसाला स्वतः निवडता येतो. १८ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत मात्र कायद्यानुसार पालक हेच प्रतिनिधी असतात. मंडळानं वेगळा हुकूम दिला तरच दुसरं कुणी असतं.

याचा अर्थ आईबाबांना सगळं सांगितलं जातं, असा आहे का? नाही. कायदा म्हणतो, प्रतिनिधीला त्याचं काम करण्यासाठी माहिती द्यायची. कोणता त्रास आहे, कोणते उपचार चालले आहेत, घरी काय काळजी घ्यायची, हे आईबाबांना कळायलाच हवं. पण ‘ताई मला फार चिडवते’, ‘बाबा ओरडले की मी गच्चीवर जाऊन रडते’, असं एकेक वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचवायची गरज नसते. चांगले मानसशास्त्रज्ञ पहिल्याच भेटीत तुमच्या आणि आईबाबांच्या समोर हे स्पष्ट करतात. पुढेही काही सांगायची वेळ आली तर तुम्हालाच विचारतात, “आईला यातलं काय सांगू या? तू सांगतोस की मी सांगू?”

दोन गोष्टी मात्र ते स्वतःजवळ ठेवत नाहीत.

पहिली, तुमच्या जिवाला धोका असेल तर. स्वतःला इजा करून घ्यावी असं तुमच्या मनात येत असेल, तर ते आईबाबांना किंवा तुम्हाला जपणाऱ्या मोठ्या माणसांना सांगतील. इथे ते तुमच्याशी दगा करत नसतात. तुम्ही खोल पाण्यात असाल तर काठावरचा माणूस ‘कुणाला सांगू का?’ असं विचारत बसत नाही, आधी हाका मारून माणसं गोळा करतो.

दुसरी, कुणी तुमच्या शरीराशी वाईट वागलं असेल तर. नकोसा स्पर्श केला असेल, घाणेरडे फोटो दाखवले असतील, ‘हे आपलं दोघांचं गुपित’ म्हणून गप्प बसवलं असेल. यासाठी ‘पॉक्सो’ नावाचा वेगळा कायदा आहे. तो २०१२ सालचा, आणि लागू झाला १४ नोव्हेंबरला, म्हणजे बालदिनाला! त्याच्या १९ व्या कलमानुसार असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं ज्याला कळेल त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. मग तो मानसशास्त्रज्ञ असो, डॉक्टर असो किंवा आमच्यासारखा शाळेतला शिक्षक असो. माहीत असून जो मोठा माणूस गप्प बसेल त्याला शिक्षा होऊ शकते. मुलांना मात्र न सांगितल्याबद्दल शिक्षा नाही.

“म्हणजे मग सगळ्या गावाला कळणार?” असं वाटलं ना? तसं होत नाही. पोलिसांना कळवणं वेगळं आणि गावभर करणं वेगळं. याच कायद्यानुसार मुलाचं किंवा मुलीचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, काहीही छापायला किंवा दाखवायला बंदी आहे. जबाब घ्यायला पोलीस गणवेशात येत नाहीत. जबाब घरी किंवा तुम्ही म्हणाल तिथे, आणि शक्य असेल तेव्हा महिला अधिकाऱ्यांनी घ्यायचा असतो. मुलांना रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

पहिल्या भेटीत काय विचाराल?

बसमधला तो मुलगा आठवतोय? ‘हे कुठवर जाईल?’ एवढा एकच प्रश्न त्यानं विचारला असता, तर त्याला खरं बोलता आलं असतं. म्हणून मनाच्या डॉक्टरांकडे गेलात तर बोलायला सुरुवात करण्याआधी हे चार प्रश्न खुशाल विचारा. त्यात उद्धटपणा मुळीच नाही.

• मी सांगेन त्यातलं आईबाबांना काय सांगाल?
• शाळेला काही कळवाल का? कळवायचं झालं तर मला आधी सांगाल का?
• तुम्ही लिहिता ती वही कोण कोण वाचू शकतं?
• कोणत्या गोष्टी तुम्हाला बाहेर सांगाव्याच लागतील?

शाळेतल्या समुपदेशकांनाही हेच विचारा. प्रत्येक समुपदेशक २०१७ च्या कायद्यातल्या ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या व्याख्येत बसतोच असं नाही. पण गुप्तता पाळणं हा त्यांच्याही कामाचा पहिला नियम आहे. आणि पॉक्सोचं बंधन तर सगळ्यांनाच आहे.

जवळपास कुणीच नसेल तर फोन आहेत. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. त्याचं काम १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झालं. मनाच्या त्रासासाठी सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे, क्रमांक १४४१६. दोन्ही फोनना पैसे पडत नाहीत आणि ते रात्रंदिवस चालू असतात.

आता दोन शब्द आईबाबांसाठी

पालकहो, मूल आत बोलत असतं आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसलेले असता. ती अर्धी-पाऊण घटका कशी जाते ते ज्याचं त्यालाच ठाऊक. दार उघडतं, रिक्षात बसतो न बसतो तोच आपण विचारतो, “काय विचारलं? तू काय सांगितलंस? आमच्याबद्दल काही बोललास का?” काळजीपोटीच विचारतो. पण मूल त्यातून एवढंच शिकतं, की आत बोललेल्याचा बाहेर हिशेब द्यावा लागतो. पुढच्या वेळी ते आतही जपून बोलतं. तुमची फी, वेळ आणि मुलाचा त्रास, तिन्ही तिथेच राहतं.

त्यापेक्षा “भूक लागली का?” असं विचारा. सांगावंसं वाटलं तर ते आपण होऊन सांगेल. तुम्हाला जी माहिती हवी ती मानसशास्त्रज्ञांना विचारा. ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि मुलाचा रिपोर्ट, औषधाची चिठ्ठी, ‘आमच्याकडे असं असं झालंय’ हा मजकूर नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेवढा टाकू नका. डॉक्टरांनी जपलेलं गुपित घरातूनच फुटलं तर कायदा तरी काय करणार?

तर मुलामुलींनो, लक्षात काय ठेवायचं? मनाच्या डॉक्टरांना सांगितलेलं गुपित तुमचंच असतं, आणि ते सांभाळण्याची जबाबदारी कायद्यानं त्यांच्यावर टाकली आहे. कुणाच्या जिवावर बेतत असेल किंवा एखाद्या मुलावर अत्याचार होत असेल, तेव्हा ते उघडतं, आणि तेही वाचवण्यासाठी. कधी न्यायालय विचारतं तेव्हाही उघडतं. कुठे उघडतं हे तुम्हाला आता माहीत आहे. तेव्हा मनात काही साठलं असेल, तर अर्धंमुर्धं सांगू नका. आधी ते चार प्रश्न विचारा, आणि मग सगळं सांगा.